९७ दिवस: होम लोनची फाईल अडते तेव्हा नेमकं कुठे अडते आणि आपण काय करायचं

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर जवळजवळ साडेतीन महिने मी गायब होतो. बऱ्याच जणांनी विचारलं, बंद केलंस का रे? नाही. घर घेत होतो. नीट सांगायचं तर घर एका दिवसात पसंत केलं होतं आणि उरलेले ९७ दिवस बँकेच्या उत्तराची वाट बघत होतो.

त्या काळात मी इंटरनेटवर ‘होम लोन डिले’ असं शोधायचो तेव्हा दोनच प्रकारचं मिळायचं. एकतर ‘फक्त तीन दिवसांत मंजुरी’ अशा जाहिराती, नाहीतर वैतागलेल्या लोकांच्या शिव्या. मधलं कोणी सांगत नव्हतं की फाईल आत गेल्यावर तिचं काय होतं, ती कोणापाशी अडते आणि आपल्या हातात काय असतं. म्हणून हा भाग. मी वकील नाही, बँकरही नाही. कोड लिहितो. पण एखादी सिस्टीम अडकली की ती नक्की कुठे अडकली हे शोधायची सवय आहे. ती सवय इथे कामाला आली, फक्त ३३ दिवस उशिरा.

[०१:४०] आमची गोष्ट थोडक्यात

पुण्यात सिंहगड रोडला रीसेलचा टू बीएचके. किंमत ठरली ६८ लाख. विकणाऱ्या एक काकू, वय सत्तरीच्या आसपास. काका दोन वर्षांपूर्वी गेले. काकूंना नाशिकला मुलीजवळ राहायला जायचं होतं. आम्ही २ लाख विसार दिला आणि एमओयू केला. त्यात मुदत ६० दिवस. साठ दिवसांत लोन होऊन व्यवहार पूर्ण झाला नाही तर विसार जप्त, अशी ओळ होती. मी ती वाचली होती. एजंट म्हणाला, ‘‘अहो सर, वीस दिवसांत होतं हल्ली. फॉर्मॅलिटी आहे ती.’’ मी सही केली.

तिसऱ्या दिवशी फाईल लॉगिन झाली. म्हणजे अर्ज, पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, बँक स्टेटमेंट आणि घराचे कागद असं सगळं देऊन अर्जाचा नंबर मिळाला. मी खूश. पाचव्या दिवशी बाबांनी त्यांची एफडी मोडून माझ्या खात्यात पैसे टाकले, ‘‘उगाच शेवटच्या क्षणी धावपळ नको’’ म्हणून. बाविसाव्या दिवशी आम्ही घरमालकांना घर सोडायची नोटीस दिली, कारण एकविसाव्या दिवशी हातात सॅन्क्शन लेटर आलं होतं.

आता या तीनही गोष्टी, म्हणजे मुदतीची ओळ, एफडी आणि नोटीस, चुकीच्या वेळी केल्या गेल्या. का ते कळायला आधी प्रक्रिया समजून घ्यावी लागेल.

[०४:००] सॅन्क्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत

सगळ्यात मोठा गैरसमज हा. होम लोनमध्ये बँक दोन वेगळे प्रश्न तपासते. पहिला प्रश्न: हा माणूस कर्ज फेडू शकेल का? दुसरा प्रश्न: हे घर तारण म्हणून चालेल का?

बऱ्याचदा पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की बँक सॅन्क्शन लेटर देते. त्यात रक्कम असते, व्याजदर असतो, मुदत असते. आणि खाली अटींमध्ये एक ओळ असते की हे सगळं लीगल आणि टेक्निकल तपासणी समाधानकारक झाली तरच. ती ओळ म्हणजे दुसरा प्रश्न अजून उघडा आहे. म्हणजे ‘माणूस पास, घर बाकी’.

आमच्या हातात आलेलं पत्र हे असलं होतं. मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं, पेढ्यांच्या इमोज्या आल्या. त्या पत्राला साधारण तीन ते सहा महिन्यांची वैधता असते, तीही बघून ठेवा. दर फ्लोटिंग असेल तर पैसे उचलताना तो बदललेला असू शकतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोन्स रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत, त्यामुळे रेपो हलला की तुमचा दरही हलतो.

[०६:००] फाईल चार टेबलांवरून जाते

बाहेरून आपल्याला एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘फाईल प्रोसेसमध्ये आहे.’’ आत मात्र चार वेगळी टेबलं असतात.

पहिलं टेबल, क्रेडिट. इथे सिबिल किंवा तत्सम रिपोर्ट बघतात. आमची फाईल आठव्या दिवशी इथे अडली. कारण? कॉलेज संपल्यावर घेतलेलं एक क्रेडिट कार्ड. मी ते वापरायचं बंद केलं, पण कार्ड बंद केलं नाही. त्याची वार्षिक फी ५९० रुपये थकलेली दिसत होती. ५४ लाखांचं कर्ज ५९० रुपयांपाशी थांबलं! पैसे भरायला दहा मिनिटं लागली. ‘आता काही बाकी नाही’ असं पत्र मिळायला अकरा दिवस लागले.

यातून शिकायचं काय, तर घर बघायला सुरुवात करायच्या आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा आरबीआयचा नियम आहे. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती अद्ययावत करावी लागते, त्यामुळे आधी एक-दीड महिना लागायचा त्या दुरुस्त्या आता थोड्या लवकर दिसतात. तरीही दोन महिने हाताशी ठेवा.

दुसरं टेबल, उत्पन्न आणि पडताळणी. पगार खरा आहे का, ऑफिस खरं आहे का, राहता पत्ता खरा आहे का. माणूस घरी येऊन जातो, ऑफिसला फोन येतो. आपण वर्क फ्रॉम होम असलो आणि एचआरने मेलला उत्तर दिलं नाही की फाईल इथे पडून राहते. एचआरला आधी एक मेल टाकून ठेवा, एवढंच.

तिसरं टेबल, लीगल. बँकेच्या पॅनलवरचा वकील घराचे जुने कागद बघून सर्च रिपोर्ट देतो. साधारण ३० वर्षांचा इतिहास बघतात. हे घर पहिल्यांदा कोणी घेतलं, मग कोणी कोणाला विकलं, प्रत्येक वेळी नोंदणी झाली का, इंडेक्स टू आहे का, मधली एखादी कडी तुटलीय का.

चौथं टेबल, टेक्निकल. व्हॅल्युअर घर बघायला येतो. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतं का, भोगवटा पत्र आहे का, बाजारात याची किंमत काय.

आता गंमत बघा. ही टेबलं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. आणि तुमच्याशी तर अजिबातच नाही. तुमच्याशी बोलतो तो एकच माणूस, बँकेचा सेल्सवाला किंवा डीएसएचा मुलगा. त्याचं काम फाईल आणणं. अडलेली फाईल सोडवणं हे त्याच्या टार्गेटमध्ये नसतं.

[०९:१०] तेहतिसावा दिवस

सॅन्क्शन लेटरनंतर बारा दिवस काहीच झालं नाही. मी रोज फोन करायचो. ‘‘सर, दोन दिवसांत अपडेट देतो.’’ मग फोन उचलणं बंद झालं.

तेहतिसाव्या दिवशी अर्धी रजा टाकून मी थेट शाखेत गेलो. तिथल्या एका मॅडमना अर्जाचा नंबर दिला. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. लीगल क्वेरी. तारीख बघितली तर आमच्या बाराव्या दिवसाची. म्हणजे मी सॅन्क्शन लेटर ग्रुपवर टाकलं तेव्हा ती क्वेरी नऊ दिवस जुनी होती. वकिलांनी प्रश्न विचारला, तो डीएसएच्या ज्या मुलाला मेल गेला तो नोकरी सोडून गेला होता. एकवीस दिवस कोणीही काहीही करत नव्हतं आणि सगळे म्हणत होते, प्रोसेसमध्ये आहे.

मला राग आला, पण खरं सांगू? त्यापेक्षा जास्त ओशाळायला झालं. आमच्या ऑफिसमध्ये एखादं तिकीट एकवीस दिवस हललं नाही तर मी पहिला प्रश्न विचारतो, हे कोणापाशी अडलंय? घराच्या बाबतीत मी तो एकदाही विचारला नव्हता. मी विचारत होतो, ‘‘कधी होईल?’’

‘कधी होईल’ला उत्तर ‘दोन दिवसांत’ असंच येतं. ‘कोणापाशी अडलंय आणि त्यांना काय हवंय’ याला खरं उत्तर द्यावं लागतं. या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

[११:००] नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

क्वेरी काय होती? घर काका-काकूंच्या जोड नावावर होतं. काका गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं एकटीचं नाव लावलं, कारण त्या नॉमिनी होत्या. काकूंना वाटलं, झालं, घर माझं. आम्हालाही तेच वाटलं. एजंटलाही.

पण नॉमिनीला सोसायटी नाव लावून देते ते सोसायटीच्या व्यवहारापुरतं. मालकी वारसा हक्काने ठरते. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या अर्ध्या हिश्श्यात काकू, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस. (काकांच्या आई हयात असत्या तर त्याही.) म्हणजे काकू एकट्या सही करून आम्हाला पूर्ण घर विकूच शकत नव्हत्या. बँकेच्या वकिलांनी मुलगा-मुलीचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र मागितलं होतं. मुलगी नाशिकला. मुलगा कॅनडात.

इथे एक क्षण थांबूया. मी ज्या क्वेरीला शिव्या घालत होतो तिने खरं तर मला वाचवलं होतं. रोखीने घर घेतलं असतं तर हा दोष माझ्या गळ्यात पडला असता, आणि पुढे मी विकायला गेलो असतो तेव्हा बाहेर आला असता. उशीर वाईटच. पण सगळाच उशीर निरर्थक नसतो. तपासायला लागलेला वेळ वेगळा आणि कोणी मेल न बघितल्याने गेलेला वेळ वेगळा. पहिल्याबद्दल धीर धरायचा. दुसऱ्याबद्दल भांडायचं.

[१३:००] तो फोन

त्या संध्याकाळी मी एजंटला मध्ये न घेता काकूंना फोन केला. महिनाभरात पहिल्यांदा.

‘‘काकू, मी बोलतोय. लोनचं जरा अडलंय.’’

त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘अरे, मला वाटलं तुमचं मन बदललं. एजंट म्हणाला, पार्टी टाळतेय. मी नाशिकला भाड्याच्या जागेचं डिपॉझिट देऊन बसलेय रे. रोज वाटायचं, फोन करावा. पण म्हटलं, कशाला मागे लागायचं.’’

आणि आम्हाला एजंटने काय सांगितलं होतं? काकू कागद द्यायला टाळाटाळ करतायत. बायको आणि मी रात्री रात्री बोलायचो की यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालंय का, आपले दोन लाख बुडवायचा डाव आहे का. एक सत्तरीची बाई तिकडे एकटी बसून हेच आमच्याबद्दल विचार करत होती.

त्या रविवारी मी आणि बायको त्यांच्या घरी गेलो. व्हिडिओ कॉलवर मुलगा, मुलगी नाशिकहून आलेली. पोहे झाले. मी कागदावर चार टेबलं काढून दाखवली आणि फाईल कुठे आहे तिथे फुली मारली. मुलाने एकच प्रश्न विचारला, ‘‘दादा, मला नेमकं काय करायचंय ते सांगा.’’ तो माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी दादा म्हणाला. तिथून फाईल हलली.

[१५:००] परदेशातला वारस असेल तर

हे बऱ्याच जणांना लागेल म्हणून नीट सांगतो. परदेशातल्या माणसाला हक्कसोड पत्रासाठी भारतात यायलाच लागतं असं नाही. तो इथल्या विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र देऊ शकतो. त्यावर तिथल्या भारतीय वकिलातीत सही आणि साक्षांकन करून घ्यायचं. मूळ कागद कुरिअरने भारतात पाठवायचा, स्कॅन चालत नाही. महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. मग त्या कागदाच्या आधारावर इथला माणूस दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्राची नोंदणी करतो.

एक काळजी घ्या. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवायच्या आधी बँकेच्या वकिलांना दाखवा आणि मेलवर ‘चालेल’ असं उत्तर घ्या. आम्ही ते केलं म्हणून दुसऱ्यांदा कॅनडाला कागद पाठवावा लागला नाही. तरीही मूळ कागद हातात यायला एकसष्टावा दिवस उजाडला. सत्तराव्या दिवशी हक्कसोड पत्राची नोंदणी झाली, ऐंशीव्या दिवशी लीगल क्लिअर.

[१६:१५] मुदत, विसार आणि एक साधा कागद

मुदत साठ दिवसांची होती. आम्ही बावन्नाव्या दिवशीच काकूंबरोबर मुदतवाढीचं पत्र केलं. ४५ दिवस आणखी, कारण लिहिलं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मुदत संपायच्या आधी केलं हे महत्त्वाचं. संबंध चांगले आहेत म्हणून तोंडी राहू देऊ नका. संबंध चांगले असतात तेव्हाच लिहून घ्यायचं असतं.

पुन्हा एमओयू करायची वेळ आली तर मी तीन गोष्टी घालून घेईन. एक, टायटलमधल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत. दोन, मुदत एमओयूच्या तारखेपासून मोजायची नाही, विकणाऱ्याने सगळे कागद दिल्यापासून मोजायची. तीन, उशीर कोणाच्याही हातात नसेल तर लेखी मुदतवाढ. आणि एमओयूच्या आधी स्वतःच्या वकिलाकडून कागद बघून घेईन. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये जुने इंडेक्स टू आपले आपणही शोधू शकतो. वकिलाची फी वाचवायला गेलो आणि त्याच्या कितीतरी पट एफडीचं व्याज घालवून बसलो.

[१७:३०] शेवटचा धक्का: व्हॅल्युएशन

एवढं होऊन टेक्निकलवाले आले. त्यांनी किंमत काढली ६६ लाख. कारण मागची बाल्कनी बंद करून घरात घेतली होती, मंजूर नकाशात ती उघडी होती. तेवढं क्षेत्र त्यांनी धरलं नाही.

बँक कर्ज देताना व्यवहाराची किंमत आणि व्हॅल्युएशन यातली कमी ती धरते. आरबीआयच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा. ६६ लाखांचे ८० टक्के ५२.८ लाख. आम्ही धरले होते ५४. म्हणजे १ लाख २० हजार अचानक खिशातून.

आणि या मर्यादेत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. पुण्यात ७ टक्के, म्हणजे ६८ लाखांवर ४ लाख ७६ हजार, अधिक नोंदणी फी ३० हजार. हे वेगळे. किंमत ५० लाखांच्या वर असली की १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारीही घेणाऱ्याची. म्हणून स्वतःची रक्कम मोजताना दोन-तीन टक्के जास्तीचे धरून ठेवा. आम्हाला बहिणीने मदत केली. मागताना जड गेलं, तिने मात्र ‘‘यूपीआय की एनईएफटी?’’ एवढंच विचारलं.

[१८:४०] थांबलेल्या काळात काय करायचं, काय नाही

पहिलं, एक साधी शीट करा. चार टेबलं, प्रत्येकासमोर तीन रकाने: आज कोणापाशी, त्यांना काय हवंय, पुढची तारीख. आमच्याकडे ती बायकोने सांभाळली. मी सांभाळली असती तर त्यात रंग आणि फॉर्म्युले आले असते, माहिती नसती.

दुसरं, रोज फोन करू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा. आम्ही बुधवार ठरवला. फोन झाला की त्याच दिवशी मेल: ‘आज बोलणं झालं त्यानुसार अमुक कागद बाकी आहे, तो अमुक तारखेला देत आहे, यापलीकडे काही प्रलंबित नाही असं समजतो.’ त्या शेवटच्या ओळीला उत्तर येतं. बुधवार सोडून बाकी दिवशी घरात लोनचा विषय काढायचा नाही असंही ठरलं. पाळलं गेलं साठ टक्के. पण तेवढ्यानेही जेवण जेवणासारखं व्हायला लागलं.

तिसरं, डीएसए असला तरी शाखेतल्या एका माणसाचं नाव आणि मेल मिळवा. पहिल्याच दिवशी.

चौथं, घाबरून पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते. दुसरा पर्याय हवाच असेल तर एकच. आणि हेही लक्षात घ्या, टायटलमध्ये दोष असेल तर दुसऱ्या बँकेचा वकीलही तोच प्रश्न विचारणार.

पाचवं, या काळात नोकरी बदलू नका, ईएमआयवर फोन, सोफा, गाडी काही घेऊ नका. डिस्बर्समेंटच्या आधी रिपोर्ट पुन्हा बघू शकतात.

सहावं, लीगल आणि टेक्निकल दोन्ही क्लिअर झाल्याशिवाय एफडी मोडू नका आणि घरमालकांना नोटीस देऊ नका. आम्हाला मालकांनी महिना २ हजार वाढवून आणखी दोन महिने राहू दिलं. नवीन भाडेकरू ठरला असता तर आम्ही सामानासकट रस्त्यावर.

[२०:३०] भांडायची वेळ आली तर

आरबीआयच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडनुसार अर्जाची पोच मिळाली पाहिजे, जास्तीचे कागद लागत असतील तर ते लगेच कळवलं पाहिजे आणि कर्ज नाकारलं तर कारण लेखी दिलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून की फॅक्ट्स स्टेटमेंटही द्यावं लागतं, ज्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर दिलेला असतो. मागून घ्या.

तक्रार आधी बँकेकडेच करायची, लेखी, आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर जाता येतं, फी नाही. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. पण एक अपेक्षा ठेवू नका: कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, लोकपाल तो बदलून देत नाही. सेवेत दिरंगाई झाली, कळवलं नाही, पैसे चुकीचे कापले, या गोष्टींसाठी तो मार्ग.

मी शाखेच्या तक्रार अधिकाऱ्यांना एकच मेल केली. शिवी नाही, विशेषण नाही. फक्त तारखा: क्वेरी या दिवशी, मला कळलं या दिवशी, मधले दिवस एकवीस. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि तिथून एकच अधिकारी शेवटपर्यंत फाईल बघत होता. तारखांशी वाद घालता येत नाही.

[२२:००] शेवट

ब्याण्णवाव्या दिवशी नोंदणी झाली. सत्त्याण्णवाव्या दिवशी डीडी काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला, आणि किल्ल्यांबरोबर एक वही दिली. त्यात कुठला नळ कधी बदलला, गॅसचा माणूस, पाण्याची वेळ, टेरेसच्या कुंड्यांना कुठलं खत, सगळं तारखांसकट लिहिलेलं. मी म्हटलं, ‘‘काकू, तुम्ही फाईल सांभाळली असती तर चाळीस दिवसांत झालं असतं.’’ हसल्या. म्हणाल्या, ‘‘मग पहिल्याच दिवशी फोन करायचास ना.’’

एवढंच. तुमची फाईल आत्ता अडली असेल तर उद्या सकाळी ‘कधी होईल’ विचारू नका. ‘कोणापाशी आहे आणि त्यांना काय हवंय’ विचारा. आणि संध्याकाळी घर विकणाऱ्याला एक फोन करा. तोही वाटच बघत असतो.

पुढच्या भागात घराचा विमा आणि बँक गळ्यात मारते ती लोनची पॉलिसी यावर बोलू. तोपर्यंत भेटूच. आवाजात थोडा घुमारा वाटला असेल तर माफ करा, नवीन घरात अजून पडदे लागायचेत.